रात्री साडेदहानंतर हातातून न सुटणारा मोबाइल

प्रश्न: मी ३९ वर्षांची. डोंबिवलीला राहते, दादरला एका खासगी कंपनीत बिलिंगचं काम करते. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. सकाळी सव्वापाचला उठते. ऑफिसात मोबाइलला हात लावायला सवड नसते, पण रात्री सगळं आवरून पाठ टेकली की रील्स सुरू होतात आणि एक कधी वाजतो ते कळत नाही. फोनमध्ये रोजची सरासरी साडेपाच तास दाखवते. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकलं आणि तीन-चार दिवसांत परत घेतलं. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचा निर्धारच नाही. मुलाला फोन ठेव म्हटलं की तो म्हणतो, "तू पण बघतेस की." हे व्यसन आहे का? यातून बाहेर कसं पडायचं?

उत्तर: आधी व्यसनाचं बोलू, कारण त्या शंकेनेच तुम्ही जास्त खचलेल्या दिसता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराला आजार म्हणून स्थान मिळालं. सोशल मीडियाच्या अतिवापराला असं स्वतंत्र स्थान नाही. तरी माणूस समोर येऊन बसला की आम्ही साधारण तेच निकष धरून विचारत जातो. कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं यावरचा ताबा सुटलाय का? माणसं, कामं, आवडीनिवडी मागे पडून फोन पहिला झालाय का? नुकसान डोळ्यांना दिसत असूनही वापर वाढतच चाललाय का? आणि हे सगळं वर्षभर टिकून राहिलंय का, नोकरी, शिक्षण किंवा घर विस्कटेल इतकं? तुमची नोकरी नीट चालली आहे, मुलाकडे लक्ष आहे, सासूबाईंचं बघता आहात. रात्रीच्या दोन-अडीच तासांवर मात्र ताबा राहत नाही आणि त्यात झोपेचं मोठं नुकसान होतंय. मी याला आजार म्हणणार नाही. ही अंगवळणी पडलेली, झोप खाणारी सवय आहे. तिच्यावर काम करता येतं, आणि घरच्यांची साथ असेल तर ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर होतं.

आता तो साडेपाच तासांचा आकडा फोडून बघू. तो एकत्र पाहिला की माणूस घाबरतो आणि घाबरला की एकदम सगळंच बंद करायला जातो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. तिथे कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते वेगवेगळं दिसतं. त्यातून एम-इंडिकेटर, बँकेचं ॲप, जीपे, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप, आईशी झालेला व्हिडिओ कॉल, हे सगळं वजा करा. मग लोकलमधला वेळ वजा करा. डोंबिवली ते दादर उभ्याने जाताना कुणी रील्स बघितल्या तर त्यावर माझा काही आक्षेप नाही. लेडीज डब्यात संध्याकाळच्या गाडीला भाजी निवडणाऱ्या, भिशीचा हिशोब करणाऱ्या, डोळे मिटून पडणाऱ्या बायका असतात, तशी फोन बघणारीही असते. तो वेळ कुणाकडून हिरावलेला नसतो. हे सगळं गेल्यावर बहुतेक रात्रीचा पट्टा उरेल, आणि आपल्याला त्या पट्ट्यापुरतंच काम करायचं आहे.

पुढचा आठवडाभर एक करा. उशाशी छोटी वही ठेवा आणि रात्री फोन हातात घेण्याच्या आधी काय चाललं होतं ते दोन ओळींत लिहा. मिनिटं मोजायला फोन आहेच, वहीत आधीचा क्षण लिहायचा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या वहीतली नोंद त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने इथे देतो:

"बुधवार. जेवणं पावणेदहाला. ओटा, भांडी, उद्याच्या भाजीची तयारी. १०.४० ला बसले. ह्यांनी विचारलं, इस्त्रीचे कपडे आणलेस का. मी काही बोलले नाही. फोन घेतला, फक्त शाळेच्या ग्रुपवर उद्या काय न्यायचंय ते बघायला. ते बघायचं राहूनच गेलं. १२.५५."

या चार ओळी मी त्यांच्यासोबत बसून पुन्हा पुन्हा वाचल्या. फोन करमणुकीसाठी घेतलेलाच नव्हता, कामासाठी घेतला होता. त्याच्या आधी एक राग गिळला होता. त्या राग गिळण्याच्या आधी सकाळपासून बुड टेकायला मिळालेलं नव्हतं. आणि ज्या कामासाठी फोन उचलला तेच झालं नाही. पुढच्या रात्रीच्या नोंदीही थोड्याफार फरकाने अशाच निघाल्या. तुमच्या वहीत वेगळं काही निघेल, पण तेच माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, म्हणून हा आठवडा वगळू नका. त्या आठवड्यात वापर कमी करायचा प्रयत्नही करू नका, नुसतं लिहा.

उत्तर म्हणून मला मुख्यतः एकच सांगायचंय. तुमच्या दिवसात तुमचा स्वतःचा असा पहिला अर्धा तास रात्री साडेदहानंतर येतो. सव्वापाचपासून तोवरचा सगळा दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकावर चाललेला असतो: डब्याच्या, लोकलच्या, साहेबांच्या, क्लासच्या, औषधांच्या. म्हणून अंग दमलेलं असूनही झोपायला मन तयार होत नाही. झोपलं की लगेच पुन्हा सव्वापाच वाजणार असतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या फ्लोर क्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर निबंध लिहिला होता: कुणी अडवलेलं नसताना, लवकर झोपायचं आहे हे ठरलेलं असताना माणूस झोपणं पुढे ढकलत राहतो. दिवसभर ज्यांच्या हातात स्वतःचा वेळ नसतो अशा माणसांत मला हे फार दिसतं, आणि आपल्याकडे ती माणसं बहुतेक बायका असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. त्यातही ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांपुरतीच आहे, न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत. मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं बघणं यापेक्षा वेगळं मोजलं जातं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे पाच वर्षांत फारसं काही हललेलं नाही.

तुमच्या नवऱ्याने एवढा परिच्छेद तरी वाचावा अशी माझी इच्छा आहे. निर्धार कमी आहे असं ज्या बाईला म्हटलं जातंय ती वर्षानुवर्षं सव्वापाचला उठते आहे. निर्धार तिच्याकडे भरपूर आहे, तो दिवसभरात खर्ची पडून रात्री साडेदहाला संपलेला असतो. दमलेल्या मेंदूला सुरू करणं सोपं जातं, थांबणं जड जातं.

आणि समोरची वस्तू थांबण्यासाठी बनवलेलीच नाही. पूर्वी वर्तमानपत्राचं शेवटचं पान यायचं, मालिकेत 'क्रमशः' यायचं, दूरदर्शनवर रात्री कार्यक्रम संपायचे. प्रत्येक ठिकाणी उठायला एक निमित्त मिळत होतं. इंटरनेटवरही सुरुवातीला पान संपायचं आणि पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. २००६ च्या सुमारास एझा रॅस्किन या डिझायनरने खाली सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येत राहील अशी रचना केली. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, पण तोवर ती सगळीकडे गेली होती. पंगतीत वाढपी पान रिकामं होऊच देत नाही, मग पोट भरल्याचं कळत नाही, तसं होतं. त्यात पुढचं काय येणार हे माहीत नसतं. दहातल्या सात रील्स टाकाऊ निघतात, आठवी मात्र हसवते किंवा डोळ्यांत पाणी आणते. कबुतरांवर प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी हेच दाखवलं होतं. दाणा दरवेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, बेभरवशाने मिळाला तर पक्षी जास्त वेळ चोच मारत राहतो.

आपल्याकडे हे इतक्या लवकर घरोघरी का पोचलं तेही सांगतो, म्हणजे दोष एकट्या स्वतःकडे घेणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. त्याची रिकामी जागा भरायला जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. तेव्हा करोनामुळे सगळे घरात बसलेले होते, मुलांची शाळा फोनवर होती. ती सवय टाळेबंदी उठल्यावर आपोआप उठली नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तुम्हाला काय आवडतं यापेक्षा तुम्ही कुठे रेंगाळता हे ते ॲप फार बारकाईने टिपतं. रात्री बाराला मेंदू दमलेला असताना तुम्ही सासू-सुनेच्या भांडणाच्या व्हिडिओवर चाळीस सेकंद थांबलात की ती तुमची आवड म्हणून नोंदली जाते आणि दुसऱ्या दिवशी तसंच आणखी येतं. म्हणून ज्या गोष्टी बघून बरं वाटत नाही त्याच जास्त बघितल्या जातात. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये सुचवलेला मजकूर पुसून नव्याने सुरुवात करायची सोय आहे, ती वापरा. यूट्यूबवर वॉच हिस्टरी पुसून बंद केली की होम पानावर सुचवण्या येणं थांबतं, जे हवं ते शोधूनच बघावं लागतं. हे दिसायला छोटं आहे, पण अनेकांना याचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

आता झोप. एकला झोपून सव्वापाचला उठता म्हणजे चार-सव्वाचार तास. प्रौढ माणसाला निदान सात तासांची झोप लागते. रोज तीन तासांची तूट घेऊन माणूस कामावर उभा राहतो, पण चिडचिड वाढते, दुपारी गोड खावंसं वाटतं, बारीकसारीक विसरायला होतं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःला आवरण्याची ताकद उरत नाही. त्या रात्री पुन्हा फोन. म्हणून मी पहिलं लक्ष्य स्क्रीन टाइम ठेवत नाही, झोपायची वेळ ठेवतो. फोनच्या निळ्या प्रकाशाची भीती लोकांना फार असते. स्क्रीन पिवळसर करून तोच दोन तासांचा कार्यक्रम चालू ठेवला तर विशेष काही साधत नाही. झोप उडते ती मुख्यतः वेळ पुढे गेल्यामुळे आणि बघितलेलं मनात घोळत राहिल्यामुळे.

इन्स्टाग्राम काढून टाकण्याचा तुमचा उपाय दोनदा फसला, आणि त्याचं कारण सरळ आहे. ॲप गेलं, पण साडेदहाची ती वेळ तशीच राहिली आणि तिच्यात ठेवायला काही नव्हतं. पहिले दोन दिवस उत्साहात गेले. तिसऱ्या रात्री भांडण झालं असेल किंवा ऑफिसात बोलणी बसली असतील, आणि हात परत तिकडे गेला. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी स्वतःचा वेळ अलीकडे आणायचा, मग रात्रीचा फोन हलवायचा.

माझ्या मते तुमच्या घरात ती वेळ साडेनऊ ते दहा असावी. जेवणं सव्वानऊला संपवायचा प्रयत्न करा. त्यानंतरचा अर्धा तास तुम्ही स्वयंपाकघरात जाणार नाही. भांडी घासायला टाकणं, ओटा पुसणं, दुधाला विरजण लावणं, गॅस बंद आहे ना ते बघणं, एवढं तुमचे यजमान आणि नववीतला मुलगा मिळून करू शकतात. पहिले काही दिवस ओटा तुमच्या मनासारखा पुसला जाणार नाही. तो पुन्हा पुसायला उठू नका. सासूबाईंना हे रुचणार नसेल तर ते त्यांना तुमच्या नवऱ्याने सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर त्याचा वाद होईल, त्यांच्या मुलाने सांगितलं तर बहुतेक होणार नाही.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? हवं ते. खाली एक चक्कर मारा, मैत्रिणीला फोन करा, पायाला तेल लावून बसा, काही वाचा. आणि रील्स बघायच्या असतील तर रील्स बघा. हे वाचून तुमचा नवरा चमकेल, पण मी विचार करून सांगतो आहे. साडेनऊला हॉलमध्ये दिव्याच्या उजेडात खुर्चीत बसून बघितलेल्या रील्स आणि साडेअकराला अंधारात कुशीवर पडून बघितलेल्या रील्स यांत फार फरक असतो. हॉलमध्ये आजूबाजूला माणसं असतात, कुणीतरी हाक मारतं, मान अवघडते, पुढे एखादं काम असतं. थांबायला निमित्तं मिळतात. अंथरुणात एकही मिळत नाही. शिवाय 'आपल्याला आपला वेळ मिळाला' ही जी भूक आहे ती आधीच थोडी भागलेली असते, त्यामुळे अकरा वाजता फोन ठेवणं जमण्यातलं होतं.

मग फोनची जागा. रात्री तो झोपायच्या खोलीत नको. हॉलमध्ये टीव्हीशेजारी किंवा देवघराच्या बाजूच्या प्लगला चार्जिंगला लावायचा. यावर पहिला प्रश्न अलार्मचा येतो. घड्याळाच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत गजराचं घड्याळ मिळतं, ते आणा. दुसरा प्रश्न असतो, रात्री-अपरात्री माहेरून फोन आला तर? रिंगचा आवाज मोठा ठेवा, हॉलमधून ऐकू येतो. ज्यांच्या घरी वन रूम किचन आहे आणि हॉलमध्येच झोपावं लागतं, त्यांना मी फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायला सांगतो. हात लांब केला की मिळेल इतका जवळ नसला म्हणजे झालं. उठून जावं लागलं तर दहातले आठ वेळा माणूस उठत नाही.

हे लगेच अकराला झोपण्यासाठी नाही. आज एकला झोपताय, तर पहिले चार-पाच दिवस पाऊण वाजता फोन बाहेर. पुढचे चार-पाच दिवस साडेबारा. असं करत महिना-सव्वा महिन्यात अकराच्या आसपास याल. एका झटक्यात अकराला पडलात तर दीड तास छताकडे बघत काढाल आणि उठून फोन आणाल. सवय मोडताना मला घाई केलेली माणसं परत घसरताना जास्त दिसली आहेत.

बाकी उपाय थोडक्यात, कारण ते पूरक आहेत. माणसांचे फोन आणि निरोप सोडून सगळ्या सूचना बंद करा. शाळेचा ग्रुप आणि ऑफिसचे निरोप संध्याकाळी आठला, जेवणाच्या आधी बघून टाका, म्हणजे कामाच्या निमित्ताने साडेदहाला फोन उचलावा लागणार नाही. स्क्रीन काळी-पांढरी करायची सोय असते, रात्री ती चालू ठेवली की रील्सची गंमत बरीच उतरते. ॲपला वेळेची मर्यादा घालता येते, पण अँड्रॉइडवर ती तुम्हीच घातलेली असते आणि तुम्हीच काढू शकता. आयफोनमध्ये वेगळा पासकोड ठेवता येतो. तो कुणाकडे द्यायचा असेल तर बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे द्या. नवऱ्याकडे देऊ नका. घरात एकाने दुसऱ्याची राखण करायला सुरुवात केली की बोलणं संपतं आणि लपवाछपवी सुरू होते. मी हे जोडप्यांमध्ये फार वेळा पाहिलं आहे.

शनिवारी रात्री, पाळीच्या आधीच्या दिवसांत, घरात वाद झाल्यावर, किंवा नवरा बाहेरगावी असताना जुनी सवय उफाळून येईल. ते गृहीत धरा. एक रात्र हातची गेली म्हणून दुसऱ्या दिवशी 'माझ्याच्याने होत नाही' असं म्हणून सोडून देऊ नका. आठवड्यात पाच रात्री ठरल्याप्रमाणे गेल्या तर मी ते उत्तम म्हणतो.

आता मुलाकडे वळू. 'तू पण बघतेस की' हे त्याचं उत्तर उद्धट वाटलं तरी खरं आहे आणि त्याच्याशी बोलायला तीच उत्तम जागा आहे. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के होती आणि सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. हे खेड्यांतलं चित्र आहे, शहरातल्या मुलाकडून वेगळी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्याला एवढंच म्हणा: "हो, मीही बघते. मलाही थांबता येत नाही. झोप होत नाही म्हणून मी आता रात्री फोन बाहेर ठेवणार आहे. तू माझ्याबरोबर ठेवशील का?" पहिल्या दिवशी तो नाही म्हणेल. तुम्ही ठेवत राहा. बाबांचा फोनही त्याच प्लगशी आला पाहिजे, नाहीतर मुलगा तुमच्याइतकंच त्यांच्याकडेही बोट दाखवेल.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव याबाबतीत मला फार मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे असं ठरलं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन आठवण करून देत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. काळजी दोन्हीकडे सारखीच आहे, पण माझा कल वडगावकडे आहे. तिथे नियम मोठ्यांनाही होता, वेळ ठरलेली आणि थोडी होती, आणि साडेआठला तो संपत होता. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. आपल्याकडेही कायदा व्हावा की नाही यावर बोलायला हवंच, पण तुमचा मुलगा आज नववीत आहे. तुमच्या घरापुरता भोंगा तुम्हाला वाजवता येईल. जेवणाच्या ताटावर कुणाचाही फोन नाही, सासूबाईंची मालिकाही तेवढा वेळ नाही, एवढ्याने सुरुवात करा. सासूबाईंची मालिका सोडून बाकीच्यांना नियम लावलात तर तो आठवडाभरही टिकायचा नाही.

दोन गोष्टी तपासून घ्या. ३९ व्या वर्षी इतका थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घेतलेली बरी. आपल्याकडच्या बायकांत रक्ताची कमतरता फार आढळते आणि सगळा दोष मोबाइलवर जातो. दुसरं, महिनाभर फोन बाहेर ठेवूनही झोप येत नसेल, पहाटे लवकर जाग येऊन उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार मनात येत असतील, तर फोन हे वरवरचं लक्षण आहे आणि आत नैराश्य असू शकतं. मग वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून 'शट' नावाचं खास क्लिनिक आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत खेळासाठी शाळा बुडणं, घरातले पैसे जाणं किंवा फोन काढून घेतल्यावर अंगावर धावून येणं असं काही दिसलं तर मात्र माझे वरचे उपाय पुरणार नाहीत, तेव्हा थेट तज्ज्ञांची भेट घ्या.

तर पहिला आठवडा वही. दुसऱ्या आठवड्यात साडेनऊचा अर्धा तास आणि गजराचं घड्याळ. तिसऱ्या आठवड्यापासून फोन खोलीबाहेर, आधी पाऊण वाजता. नवऱ्याशी हे बोलताना रविवारी सकाळी चहाच्या वेळी बोला, रात्री अंथरुणात नको. मला पुन्हा लिहाल तेव्हा स्क्रीन टाइम नाही सांगितलात तरी चालेल, किती वाजता झोपलात आणि ओटा कोण पुसतंय ते कळवा.